जयरामशेठचा खिळा

जयराम तरे या माणसाबद्दल कुणी दोन शब्द चांगले बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्यानेही कुणाबद्दल बोलल्याचं ऐकलं नाही, म्हणजे फिटंफाट.

धामणकर नाक्यावरून आत वळलं की आमची पिठाची गिरणी, तिला लागून त्याचं दुकान, आणि मध्ये एक पत्रा. गिरणी नवऱ्याची, चालवते मी. शेठचं काम मोटारसायकलींच्या वायरिंगचं. फॉग लाइट, हॉर्न, मोबाइलचे चार्जर, आणि गोदामांवर गस्त घालणाऱ्यांच्या गाड्यांवर बसवायचे वायरलेस सेट. तोंडावर मी त्याला शेठ म्हणत आले, अहोजाहोही करत आले. इथे तसं करायला माझा हात वळत नाही.

सडसडीत अंग, बाह्यांचा मळका बनियन, कानावर टेस्टर आणि गळ्यात सुताच्या दोरीला अडकवलेला कटर. गाडी दुकानासमोर लागली की गिऱ्हाईक काय सांगतंय ते ऐकायच्या आधी तो सीट उचलायचा. आधीच्या कारागिराने केलेलं जोडकाम दोन बोटांत धरून वर ओढायचा आणि कट. विचारणं नाही, सांगणं नाही. काम वाईट असलं तरी कट, चांगलं असलं तरी कट. मग तो तुकडा गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरून विचारायचा, "ह्या मानसाना केलाय का गाढवाना?"

त्याच्या दाराच्या चौकटीला वर एक लांब खिळा होता. कापलेला तुकडा त्या खिळ्यावर जायचा. लाल, पिवळ्या, निळ्या वायरींचा तिथे एक झुबकाच झाला होता, आणि त्यातला कुठला तुकडा कुणाच्या हातचा हे शेठला तोंडपाठ होतं. त्यातला एखादा कारागीर समोरून जाताना दिसला की हा दारात येऊन ओरडायचा, "ये रं ये! तुजा वरती सुकत घातलाय, बघून जा!" एका बिचाऱ्याने तर नाक्यावरून जाणंच सोडलं. मागच्या गल्लीतून वळसा घालून जायचा तो.

शेठचं स्वतःचं काम मात्र बघत राहावं असं. बाकीचे लोक वायरी काळ्या चिकटपट्टीने गुंडाळतात. हा लूमचं, यंत्रमागावरचं, पांढरं सूत वापरायचा. पट्टी उन्हात पाघळते, सरकते, धूळ धरते. सुताला मेण लावून ते वायरींच्या जुडग्यावर आवळलं आणि तुटलेला धागा जोडताना मारतात तशी गाठ मारली, की गाडी भंगारात जाईपर्यंत ते हलत नाही. गाठ त्याच्या आईची. ती घरी बसून लूमवाल्यांच्या कांड्या भरायची, तिच्या बोटांतून ती गाठ याच्या बोटांत आली.

आणि त्याचा एक मंत्र होता. "चावी बंद, सगला बंद." गाडीवर काहीही बसवा, त्याची वीज गाडीच्या चावीतूनच गेली पाहिजे. थेट बॅटरीवरून लाइन घेणं म्हणजे त्याच्या लेखी पाप. माणूस दिवा चालू ठेवून घरी जातो आणि सकाळी बॅटरी मेलेली असते, असं तो म्हणायचा. ते खोटं नव्हतं. पण शेठचं खरं इतकं ताठ असायचं की त्यात दुसऱ्या कुणाचं खरं मावायचं नाही.

एकदा जमीन विकलेल्या घरातला एक नवरदेव आला. जाडजूड नवी मोटारसायकल, बरोबर मित्रांचा घोळका. हळदीत गाडी नाचवायची होती त्याला. पुढे दिवे, मागे दिवे, चाकांत दिवे, तीन सुरांचा हॉर्न आणि वर गाणी. शेठ म्हणाला, बॅटरीला झेपायचं नाही. पोरगा मित्रांसमोर छाती काढून म्हणाला, "तुम्ही फक्त बसवा हो शेठ." शेठने हू की चू न करता सगळं बसवलं. बसवलं ते इतकं सुबक की पोरगा खूश झाला.

"आता इंजिन बंद ठेव आन् सगला येकदम चालू कर," शेठ म्हणाला. "इंजिनाच्या आवाजात गाना कलायचा न्हाय."

सगळं पेटलं, वाजलं, पोरं रस्त्यात नाचायला लागली. गाणं संपायच्या आत दिवे पिवळे पडले, हॉर्न रेड्यासारखा रेकला आणि गाडी गपगार. पोरगा स्टार्टरचं बटण दाबतोय, आतून नुसतं टकटक.

"आता ढकल," शेठ म्हणाला.

कोऱ्या कपड्यांतला तो नवरदेव नाक्याच्या गर्दीतून ती अवजड गाडी ढकलत निघाला. शेअर रिक्षावाले मागून हॉर्न मारतायत, "हटो, दूल्हे राजा!" म्हणून ओरडतायत, आणि शेठ दारात उभा राहून टाळ्या वाजवतोय. पोराच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून हसणाऱ्यांतले काही गप्प झाले. शेठ झाला नाही.

माझ्याशीही त्याचं वाकडंच. सेट तपासताना त्याला शांतता लागायची आणि माझ्या गिरणीची मोटर चालू असली की त्याच्या सेटमध्ये खरखर यायची. मग पत्र्यावर धाडधाड. "ए गिरनी! बंद कर!" मी म्हणायचे, दळण अर्धं आहे, थांबा. एकदा तो थांबला नाही. तरातरा आत आला आणि माझा मेन स्विच खाली ओढून गेला. जात्यात अर्धे गहू अडकले, बायका खोळंबल्या, आणि मला जो राग आला तो अजून आठवतो. मी पिठाचं रिकामं पोतं उचललं, त्याच्या दारात गेले, आणि तीन गाड्या सीट काढून उघड्या पडल्या होत्या त्यांच्यावर ते झटकलं. पूर्ण दुपार तो ब्रशने एकेक जोड साफ करत बसला होता. त्यानंतर आमच्यात तह झाला. तो पत्र्यावर दोनदा ठोकणार, मी हातातला डबा संपवून मोटर बंद करणार. या माणसाने कुणाशी केलेला तो एकच तह असावा.

आता मोहनचं सांगते, कारण शेठबद्दलचं सगळं सांगणं शेवटी मोहनपाशीच येऊन थांबतं.

मोहन हा त्याचा धाकटा भाऊ. दोघांत अंतर इतकं की अनोळखी माणूस बाप-लेक समजायचा. वडील लवकर गेले. मोहनला खाऊ घातलं, वाढवलं, हुन्नर दिलं ते शेठने. हे त्याचं पुण्य मी नाकारणार नाही. पण ते त्याने मोहनला एक दिवस विसरू दिलं नाही. शिकवताना डोळ्यांवर फडकं बांधून नुसत्या स्पर्शाने वायर ओळखायला लावायचा. चुकलं की टेस्टरची मूठ बोटांच्या पेरांवर. जोड सैल निघाला तर पक्कड काढून घ्यायचा आणि सांगायचा, "दातानी सोल." त्यात मोहनच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. मोहन अजूनही हसला की तोंडावर हात नेतो.

मोहनने पहिल्यांदा एकट्याने गाडीचं पूर्ण वायरिंग केलं तो दिवस मी पाहिलेला आहे. पांढरं सूत शेठचं, म्हणून त्याने लाल घेतलं होतं. हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत एका ओळीत बसलेल्या गाठी. त्यांची आई डबा घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. शेठने पुढून मागे बोट फिरवलं, मागून पुढे फिरवलं. वाकून पाहिलं, दिवे लावून पाहिले, गाडी गदागदा हलवून पाहिली. खोट शोधत होता आणि सापडत नव्हती. मग त्याने गळ्यातला कटर घेतला आणि बरोबर मधोमध कापलं.

"परत कर."

"जयराम," आई म्हणाली, "येकदा तरी त्याला बरा बोल रं."

"बरा बोल्ला का हात ढिला पडतो," शेठ म्हणाला आणि जेवायला बसला.

मोहनने ते परत केलं. मग आपली हत्यारं पिशवीत भरली आणि निजामपुऱ्यात, लूमच्या खडखडाटात, एका बोळकांडीएवढ्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं. त्या दिवसापासून शेठच्या तोंडी त्याचं नाव आलं नाही. म्हणायचंच झालं तर "तो गल्लीतला".

मोहनला गोदामांच्या सिक्युरिटी कंपनीच्या गाड्या मिळाल्या. गस्तीच्या सगळ्या मोटारसायकलींवर सेट तोच बसवायचा आणि मडगार्डवर आपला छोटा स्टिकर लावायचा. आणि त्याची पद्धत भावाच्या उलटी. सेटची लाइन तो थेट बॅटरीवरून घ्यायचा, बॅटरीजवळच फ्यूज घालून. चावीचा त्यात संबंध नाही. दळणाला आला तेव्हा मी विचारलं, तुझ्या दादाच्या हे विरुद्ध कसं रे?

"वैनी, गस्तवाला चावी काढून खिशात टाकतो आन् गोदामाच्या मागं जातो," तो म्हणाला. "तिथं मोबाइलला रेंज न्हाय, चारी बाजूंनी पत्रे. काय झाला तर तवाच त्याला सेट लागल ना? दिवा चावीवर ठीक हाय. मानसाचा आवाज चावीवर कसा ठेवाचा?"

मग हळूच पत्र्याकडे बघून विचारायचा, "दादा काय बोल्ला का माज्या कामाचा?" दळणासाठी तो यायचाच नाही मुळी. निजामपुऱ्यात काय गिरण्या नाहीत? पत्र्यापलीकडून एखादा शब्द येतो का, ते बघायला यायचा. एवढा हात चालणारा, लोकांनी नाव घ्यावं असा पुरुष, आणि एका "चांगलं"साठी माझ्या गिरणीत पीठ खात उभा राहायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही.

आईचं मात्र शेठ करायचा. तिचे गुडघे धरले होते, म्हणून तिला मोटारसायकलवर मागे बसवून अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन जायचा. वाऱ्यात तिचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून त्याने दोघांच्या हेल्मेटमध्ये बारके स्पीकर आणि माइक बसवले, वायरी हँडलपर्यंत आणल्या. ती मागे बसून बोलली की याच्या कानात, हा बोलला की तिच्या कानात. नाक्यावर लोक थांबून बघायचे. आईसाठी केवढं केलं म्हणायचे. मीही म्हटलं.

"ह्यो बघ," शेठने मला हँडलवरचं एक बारीक बटण दाखवलं. "म्हातारीनं मोहनचा सुरू केला का मी हा बंद करतो. तिला वाटतं मी आयकतो. बोलत बसते, बोलत बसते, पार अकलोलीपरेंत!" आणि तो पोट धरून हसला. त्या माणसाला मनापासून हसताना मी पाहिलं ते त्या एकाच वेळी.

त्याच आठवड्यात आई गिरणीच्या पायरीवर टेकली. चेहरा उजळलेला.

"आज सगला बोल्ली बाय मी त्याला," म्हणाली. "मोहनला जवल घे बोल्ली. त्याचा काम बघ, त्याला येकदा चांगला म्हन. येताना सगला रस्ता बोल्ली. येक शब्द मधी बोल्ला न्हाय. गुमान आयकत व्हता. आता तो बोलल बघ त्याला."

मी तिला पाणी दिलं. खरं सांगून तिचं ते सुख मोडायला माझी जीभ रेटली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली, ती जयराम मोहनला एक दिवस बरं बोलणार या भरवशावर गेली.

त्यानंतरच्या मे महिन्यात सिक्युरिटी कंपनीचा सुपरवायझर एक गस्तीची गाडी घेऊन शेठकडे आला. मोबाइलचा चार्जर तेवढा बसवायचा होता, आणि मोहनचं दुकान त्या दिवशी बंद होतं. मी दारात गहू निवडत बसले होते. शेठने सीट उचललं. खाली लाल सूत. मला वाटलं, आता काही बोलेल. त्याने कटर घेतला, सेटची अख्खी लाइन फ्यूजसकट उपटून काढली आणि खिळ्यावर अडकवली. मग सेट चावीवर घेतला आणि आपल्या पांढऱ्या सुताने बांधून टाकला.

"शेठ, सेट तर चालू होता," सुपरवायझर म्हणाला.

"चालू व्हता, बरोबर न्हवता. आता कसा! चावी बंद, सगला बंद."

मडगार्डवरच्या मोहनच्या स्टिकरला त्याने हात लावला नाही. आणि गाडी चालवणाऱ्याला कुणी काही सांगितलं नाही.

ती गाडी चालवायचा संतोष, वज्रेश्वरीच्या पलीकडच्या खेड्यातला कुणब्याचा मुलगा. रविवारची दुपार, गोदामं बंद, पत्र्यांवर ऊन नुसतं तडतडत होतं. संतोषने एका गोदामाच्या मागे गाडी लावली, चावी काढली, कारण त्याच जुडग्यात फाटकाच्या चाव्या होत्या, आणि शटर बघायला गेला. गटारावरची लादी पायाखाली फुटली. पाय आत गेला आणि मोडला. चाव्यांचा जुडगा हातातून सुटून गटारात. कोपरांवर सरपटत तो गाडीपर्यंत आला आणि सेटचं बोलायचं बटण दाबलं. संध्याकाळच्या शिफ्टची माणसं आली तेव्हा तो तिथेच सापडला, हात गाडीवर. सुपरवायझरला वाटलं होतं, पोरगा सावली बघून झोपला असेल. पुढे दवाखान्यात पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

कंपनीचे साहेब गाडी टेम्पोत घालून शेठच्या दुकानासमोर घेऊन आले. नाक्यावर वायरिंगमध्ये शेवटचा शब्द शेठचा, हे त्यांनाही माहीत होतं. मोहनला बोलावून घेतलं होतं, सुपरवायझर बाजूला उभा. पत्र्यावर कुणी ठोकलं नव्हतं, तरी मी मोटर बंद केली.

साहेबांनी कंपनीकडची दुसरी चावी लावून फिरवली, सेट लागला. चावी काढली, सेट मेला. "मोहन, तू तर सांगितलं होतंस सेट चावीशिवाय चालतो."

मोहन वाकला आणि सीटखाली पाहिलं. पांढरं सूत पाहून त्याचा चेहरा उतरला. "हा माजा काम न्हाय साहेब," तो म्हणाला.

"मग कुणाचं आहे? शेठ, तुम्ही सांगा."

शेठ कटर बनियनला पुसत होता. वर, त्याच्या डोक्यावर, खिळ्याला लाल सूत लोंबत होतं. तो पुसतच राहिला.

मला राहवलं नाही. हात पिठाने भरलेले, तशीच बाहेर आले. "साहेब, खिळ्यावर बघा. ते मोहनचं काम. माझ्या डोळ्यांदेखत यांनी कापलं आणि हे नवीन केलं. या सुपरवायझरनेच गाडी आणली होती, विचारा त्याला."

सुपरवायझरने बुटांकडे पाहिलं. "गाड्या खूप येतात, साहेब. आठवत नाही." न विचारता गाडी परक्या दुकानात नेली हे कबूल केलं तर त्याची ड्युटी गेली असती.

मोहनने स्टूल ओढलं, वर चढून तो तुकडा काढला आणि भावासमोर धरला. "दादा," तो म्हणाला, "तुजा शब्द हे मानतील. भांडत न्हाय मी. मी बरोबर क्येलता का न्हाय, येवढाच सांग."

शेठने मोहनकडे पाहिलंच नाही. साहेबांकडे पाहून म्हणाला, "गाडीवर स्टिकर कोनाचा हाय?"

तेवढंच. खोटंसुद्धा बोलला नाही मेला! साहेबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "बाई," ते मला म्हणाले, "खिळ्यावरची वायर कुठल्या गाडीची, हे कोण ठरवणार? स्टिकर तर दिसतोय." कंपनीच्या सगळ्या गाड्या मोहनकडून गेल्या. नाक्यावर आणि निजामपुऱ्यात लोक त्याला "पाय खाल्लेला मोहन" म्हणू लागले. त्याने तो लाल तुकडा खिशात घातला आणि भावाकडे पाठ करून चालायला लागला.

"शेठ, तुमची आई वेळेवर सुटली," मी म्हणाले.

"गिरनी चालू कर," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं खोलंबल्यात."

मी केली चालू. आणि आमचा तह त्या दिवशी मोडला. त्यानंतर त्याने पत्र्यावर दोनदा ठोको की वीसदा, मी मोटर बंद केली नाही. सेट तपासायला बसला की मी मुद्दाम डाळीचा डबा लावायचे, तिला वेळ लागतो. त्याच्या सेटमध्ये माझी खरखर भरून राहिली, त्याचा मला आनंदच होता.

संतोष पुढे एका गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायला लागला. कुबडी घेऊन एकदा तांदूळ दळायला आला. मी मोटर बंद करून त्याला बसवलं. पलीकडे शेठची कानस चालू होती.

"वैनी, बटन दाबत व्हतो मी," संतोष सांगत होता. "उन्हात सेटचा दिवा दिसत न्हवता. मला वाटलं चालू हाय, आयकतायत, कामात असतील म्हनून बोलत न्हायत. मी सगळं सांगितलं. कुठं पडलोय, पानी आना, लवकर या. मंग शिव्या दिल्या. मंग माफी मागितली शिव्या दिल्या म्हनून. शेवटी तर आईशीच बोलाय लागलो. कोन बोललंच न्हाय आतून."

कानस थांबली होती. पलीकडे तो ऐकत होता, यात मला शंका नाही. मी वाट पाहिली. माणूस असता तर उठून आला असता. थोड्या वेळाने कानस पुन्हा सुरू झाली, पहिल्यासारखीच, एका लयीत.

मग त्याच्या हाताला कंप सुरू झाला. आधी गाठ सुटायला लागली, मग कटर भलत्याच वायरीवर पडायला लागला. गिऱ्हाइकं चहाटळपणे विचारायची, शेठ, आज काय कापणार, वायर का बोट? ज्यांचे तुकडे वर लटकत होते ते कारागीर दारात येऊन उभे राहायचे आणि नुसतं बघायचे. वळसा घालून जाणारा तो बिचारा तर आता रोज समोरून जाऊ लागला. एक दिवस शटर खाली आलं. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नव्या पोराने खिळ्यावर टोप्या टांगल्या आहेत.

मागच्या हिवाळ्यात गिरणीचा पट्टा आणायला मी निजामपुऱ्यात गेले होते. परतताना शेअर रिक्षात बसले. समोर मोहनचं दुकान. कंपनी गेली, तरी बायकांच्या स्कूटर, दूधवाल्यांच्या गाड्या यांच्यावर तो तग धरून होता. त्याच्या चौकटीलाही एक खिळा होता आणि त्यावर एकच तुकडा, लाल सुताचा.

"भाभी, एक सवारी और आने दो," रिक्षावाला म्हणाला.

तेवढ्यात जयरामशेठ आला. आपली जुनी स्कूटर ढकलत, धापा टाकत. अंगात तोच बनियन, गळ्यात कटर नव्हता. स्कूटर त्याने मोहनसमोर स्टँडवर लावली आणि स्टुलावर बसला. "लाइट लागत न्हाय," म्हणाला. एवढ्या वर्षांनी भावाशी बोलला ते हे.

मोहनने काय झालं ते विचारलं नाही. सीट उचललं. खाली पांढरं सूत होतं, शेठच्या चांगल्या दिवसांतल्या हातचं, त्यांच्या आईच्या गाठी मारलेलं. मोहनने त्यावरून पुढून मागे बोट फिरवलं. मग कटर घेतला आणि मधोमध कापलं. कापलेलं सगळं ओढून बाहेर काढलं आणि खिळ्यावर, लाल तुकड्याच्या शेजारी अडकवलं.

शेठ उठला. स्कूटरमध्ये उरलेलं टोक त्याने थरथरत्या बोटांनी धरलं, डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ पाहिलं.

"कट सरल मारलास," तो म्हणाला. "चांगला हाय."

मोहनचा हात तोंडावर गेला, टवका उडालेल्या दातावर. हसत होता की काय, मला रिक्षातून दिसलं नाही. तो तसाच वळून दुकानाच्या आत गेला.

रिक्षा भरली. आम्ही वळलो तोवर मोहन काही बाहेर आला नव्हता. शेठ उघड्या स्कूटरजवळ उभा राहून त्याला बोलावण्यासाठी हॉर्नचं बटण दाबत होता. वायर तर कापलेली, वाजणार काय? तरी तो दाबतच होता.